बुंददाणे कोणीं भाजावे?

कॉफीचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा तिची जन्मकथा सांगतात, ती कोणत्या देशांतून कोणत्या देशांत गेली तें सांगतात, आणि शेवटीं ती पिऊन कोणकोणत्या थोर पुरुषांनीं काय काय लिहिलें याची यादी देऊन मोकळे होतात. ती भाजली कोणीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक आपण ज्याला कॉफी म्हणतों तिचा त्या झाडाच्या फळांत किंवा फळांतल्या बियांत मागमूसहि नसतो. हिरवट-राखी रंगाचा कच्चा दाणा हातांत घेऊन हुंगून पाहावा. वाळलेल्या गवताचा किंवा गोणपाटाचा वास येतो, यापलीकडे कांहीं नाहीं. त्याची कॉफी करतो तो विस्तव. जुन्या मराठींत या दाण्याला बुंद असें नांव होतें. अरबी ‘बुन्न’ या शब्दाचें तें मराठी रूप. आज तें बहुतेक कोशांतच उरलें आहे. पण मला तें फार सोयीचें वाटतें. अरबांच्या भाषेंत दाण्याला बुन्न आणि पेयाला कहवा असे दोन निराळे शब्द आहेत. आपण दोहोंनाहि कॉफीच म्हणूं लागलों, आणि मधल्या भट्टीचा आपल्याला विसर पडला.

मला तो पडला नाहीं याचें श्रेय माटुंग्याच्या एका दुकानाला आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापासून, मुंबईच्या सुधारणा ट्रस्टानें दादर-माटुंग्याकडे नवे रस्ते व भूखंड आखल्यावर, दक्षिणेकडील पुष्कळ कुटुंबें या भागांत येऊन राहिलीं. आणि त्यांच्यामागोमाग इडली-डोशांचीं भोजनगृहें, फुलांच्या वेण्यांचीं दुकानें व बुंद भाजण्याच्या भट्ट्याहि आल्या. त्यांपैकीं एका दुकानांत माझें वर्षानुवर्षें जाणें-येणें आहे. मालक आतां वृद्ध झाले आहेत. सारी आळी त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीहि म्हणतों. दुकान एवढेंसें, पुढें फळी, फळीवर दळण्याचें यंत्र, आणि मागच्या अंधाऱ्या खोलींत लोखंडी पिंपाची भट्टी. “या, बसा. आज तुमच्यासमोरच उतरवतों,” असें एकदां त्यांनीं म्हटलें, आणि तेव्हां तो प्रकार मीं प्रथमच आरंभापासून अखेरपर्यंत पाहिला.

कच्च्या दाण्यांत दहा-बारा टक्के पाणी असतें. पिंप फिरूं लागलें कीं पहिलीं कांहीं मिनिटें हें पाणी जाण्यांतच खर्च होतात. दाणा पिवळा पडतो. ओल्या गवताचा वास जाऊन भाजलेल्या पावाचा वास येऊं लागतो. मग उष्णता दोनशें अंश सेंटिग्रेडच्या आसपास पोंचली कीं लाह्या फुटाव्या तसा तडतड आवाज होतो. दाण्याच्या पोटांतली वाफ व वायु कवच फोडून बाहेर पडत असतात. येथून पुढें भाजणाऱ्याचें खरें काम सुरू होतें. आणखी पंचवीसेक अंश चढले कीं दुसऱ्यांदा, पण अधिक बारीक तडतड ऐकूं येते, दाण्यावर तेल सुटतें आणि मूळच्या गुणांवर भाजकेपणाचा कडवटपणा कुरघोडी करतो. या दोन आवाजांच्या मधल्या तीन-चार मिनिटांत केव्हां थांबावें हें यंत्र सांगत नाहीं. अण्णा एक पळी आंत घालून चार दाणे बाहेर काढीत, नाकाशीं नेत, पुन्हा आंत टाकीत. आणि एकाएकीं त्यांनीं झडप उघडून सारा माल पसरट चाळणीवर ओतला. दाणा फुगून जवळजवळ दुप्पट झालेला. वजन मात्र पंधरा ते वीस टक्क्यांनीं घटलेलें. “किलोला किलो कधीं उतरत नाहीं,” ते म्हणाले. “गिऱ्हाइकाला वाटतें मीं मापांत मारलें. अहो, मारतो तो विस्तव!”

या व्यवहारांतला एक साधा नियम ध्यानांत घेतला म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो. कच्चा बुंद नीट ठेवला तर महिनेच्या महिने टिकतो. गलबतांतून अर्ध्या जगाचा प्रवास करूं शकतो. भाजलेला दाणा मात्र थोड्याच आठवड्यांत आपला सुवास गमावून बसतो, आणि दळलेला तर त्याहून लवकर. म्हणून पिकविणारा हजारों कोस दूर असला तरी चालतें, पण भाजणारा पिणाऱ्याच्या जवळच असावा लागतो. अर्थात् ज्याला कॉफीवर सत्ता गाजवावयाची असेल त्यानें शेताऐवजीं भट्टी हातीं घ्यावी. हें कांहीं राजांना कळलें, कांहींना कळलें नाहीं.

हबसाणांत, म्हणजे आजच्या इथिओपियांत, पाहुणा आला कीं घरची बाई त्याच्यासमोर दाणे धुऊन लोखंडी तव्यावर भाजते, धूर निघणारा तवा प्रत्येकाच्या नाकापाशीं फिरवून आणते, आणि मग ते कुटून मातीच्या सुरईंत उकळते. तेथें भाजणें हा आतिथ्याचाच भाग आहे. पंधराव्या शतकांत येमेनमधील सूफी मंडळींनीं रात्रीच्या जपासाठीं हें पेय उचललें, आणि तेथून तें मक्केस व कैरोस गेलें. मक्केचा अधिकारी खैर बेग यानें १५११ सालीं धर्मशास्त्र्यांची व वैद्यांची सभा भरवून कॉफी निषिद्ध ठरविली, आणि सांपडलेला माल भर रस्त्यांत जाळला. ज्या वस्तूला विस्तवच लज्जत आणतो तिची होळी केल्यानें गांवांत काय परिमळ सुटला असेल याची कल्पनाच करावी! कैरोच्या सुलतानानें तो निषेध लौकरच सौम्य केला. इस्तंबूलमध्यें सोळाव्या शतकाच्या मध्याला पहिलीं कॉफीगृहें निघालीं. पुढें १६३३ सालीं चौथ्या मुरादनें तीं बंद पाडलीं. लंडनमध्यें दुसऱ्या चार्लसनें १६७५ च्या डिसेंबरांत कॉफीगृहें बंद करण्याचा जाहीरनामा काढला आणि लोकांचा रोष पाहून पुढच्याच महिन्यांत मागें घेतला. या सर्वांची चूक एकच. त्यांनीं पिणाऱ्यांची बैठक मोडूं पाहिली, आणि बैठक तर कोठेंहि भरते.

प्रशियाच्या फ्रेडरिक राजानें ती चूक केली नाहीं. इतिहासांत ज्याला ‘थोर’ हें विशेषण लागलें आहे असा हा राजा; बासरी वाजविणारा, व्होल्तेयरशीं पत्रव्यवहार करणारा, आणि पैशाच्या बाबतींत अत्यंत काटेकोर. आपल्या राज्यांत कॉफी पिकत नाहीं, तेव्हां प्रत्येक पेल्याबरोबर देशाचें चांदीनाणें परक्यांच्या पेटींत जातें, हें त्याला सलत होतें. १७७७ सालीं त्यानें प्रजेला उपदेश केला कीं कॉफी सोडून पूर्वजांप्रमाणें बिअर प्या; आपण स्वतः लहानपणीं बिअरच्या कढणावर वाढलों, ही साक्षहि त्यानें जोडली. उपदेशाचा उपयोग झाला नाहीं. तेव्हां १७८१ सालीं त्यानें पिण्यावर नव्हे, भाजण्यावर बंदी घातली. बुंद भाजण्याचा मक्ता सरकारचा. सरदार, धर्मोपदेशक, लष्करी अंमलदार अशा वरिष्ठ वर्गांतील मंडळींस तेवढा घरीं भाजण्याचा परवाना. बाकीच्यांनीं सरकारी भट्टींतून भाजून आलेली महाग कॉफी विकत घ्यावी किंवा न पितां राहावें.

पण घराच्या बंद दाराआड कोण काय भाजतो हें सरकारला कळावें कसें? वासावरून! लढायांत जायबंदी झालेले सुमारें ४०० शिपाई या कामावर नेमण्यांत आले. गल्लोगल्लीं हिंडावें, हवा हुंगावी, आणि जेथून भाजक्या बुंदाचा घमघमाट येईल त्या घरांत शिरून झडती घ्यावी, हें त्यांचें कर्तव्य. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणत. ज्यांनीं राजासाठीं रणांगणावर हातपाय गमावले त्या वीरांच्या वांट्याला म्हातारपणीं शेजाऱ्यांच्या चुलींचा वास घेत फिरण्याची नोकरी यावी, ही गोष्ट मला तरी हंसण्यासारखी वाटत नाहीं. गरीब गृहिणीला आपल्याच चुलीची भीति वाटूं लागली, आणि शिपायाला आपल्याच नाकाची लाज. १७८६ सालीं राजा वारला आणि लौकरच हा मक्ता उठला. त्या काळची एक खूण मात्र कायम राहिली. त्याच सुमारास, १७७० च्या आगेंमागें, जर्मनींत चिकरीचीं मुळें भाजून दळण्याचे कारखाने निघाले होते. खऱ्या बुंदाला पैसा किंवा परवाना नाहीं त्यानें चिकरी प्यावी! पुढें १८०६ सालीं नेपोलियननें इंग्लंडच्या व्यापाराची नाकेबंदी केली, तेव्हां फ्रान्सलाहि ही संवय लागली. मद्रासी कॉफींतल्या ज्या चिकरीला आपण आज दाक्षिणात्य रुचीचें लक्षण समजतों, तिची कुळकथा अशी युरोपच्या टंचाईंत जाऊन भिडते.

एकोणिसाव्या शतकांत भट्टी घराबाहेर पडली ती राजाज्ञेनें नव्हे, यंत्रांच्या व व्यापाऱ्यांच्या जोरावर. अमेरिकेंत जाबेझ बर्न्स यानें १८६४ सालीं आपोआप रिकाम्या होणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें. जॉन आर्बकल यानें भाजलेल्या दाण्यांवर साखर व अंडें यांचा लेप देऊन ते पुड्यांत भरून विकण्यास सुरुवात केली. इस्तंबूलमध्यें १८७१ सालीं मेहमेद एफेंदी नांवाच्या गृहस्थानें भाजून दळलेली तयार कॉफी विकण्याचा परिपाठ पाडला; त्याच्या दुकानाची गल्ली आजहि ‘तहमीस’ म्हणजे भाजणें याच नांवानें ओळखली जाते. आणि १९३८ सालीं पाण्यांत विरघळणारी नेसकॅफे निघाली, तेव्हां भट्टीच काय, गाळणेंहि स्वयंपाकघरांतून हद्दपार झालें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. जहांगीर बादशहाच्या दरबारीं आलेल्या सर टॉमस रो या वकिलाबरोबर एडवर्ड टेरी नांवाचा पाद्री होता. १६५५ सालीं छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तांत त्यानें लिहून ठेविलें आहे कीं येथील धर्मनिष्ठ मुसलमान मद्य वर्ज्य करतात, पण काळ्या बियांचें एक पेय पाण्यांत उकळून पितात, तें चवीपेक्षां प्रकृतीला अधिक हितकर आहे. हा बुंद मोखा बंदरावरून सुरतेस येत असे. तो येथें रुजविण्याचें श्रेय आख्यायिकेप्रमाणें बाबाबुदन या फकिराकडे जातें. मक्केच्या यात्रेहून परततांना सतराव्या शतकांत त्यानें सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरांत पेरले. त्याच डोंगरांतली गुहा दत्तात्रेयाचें पीठ म्हणूनहि पूज्य मानली जाते, हें दत्तभक्त महाराष्ट्राला सांगावयास नको. सात या आंकड्याबद्दल आग्रह धरण्याचें कारण नाहीं. परंतु १६९६ सालीं डच लोकांनीं जावा बेटांत जीं पहिलीं रोपें नेलीं तीं मलबार किनाऱ्यावरून नेलीं, आणि तीं पुरांत गेल्यावर १६९९ सालीं पुन्हा नेलीं, यावरून आपल्या किनाऱ्याला हें झाड त्यापूर्वींच परिचयाचें झालें होतें एवढें निश्चित.

एकोणिसाव्या शतकांत इंग्रज मळेवाल्यांनीं म्हैसूर, कूर्ग, वायनाड व निलगिरी येथें मोठाले मळे लावले. पण माल जाई तो कच्चा, आणि जाई तो विलायतेस. ज्या मजुरांनीं फळें खुडलीं त्यांतल्या कितीजणांनीं भाजक्या बुंदाचा वास घेतला असेल? शीडाच्या जहाजांतून आफ्रिकेला वळसा घालून जातांना समुद्राच्या दमट हवेनें दाणे फुगत व पिवळे पडत. युरोपच्या लोकांना ती चव इतकी आवडली कीं पुढें जहाजें जलद झाल्यावर मंगळूरच्या किनाऱ्यावरील उघड्या गोदामांत पावसाळाभर मुद्दाम वारा खाववून तसा माल तयार करावा लागला. ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणतात ती हीच.

देशी माणसाच्या घरांत कॉफी शिरली ती तामिळ प्रांतांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. ए. आर. व्यंकटाचलपती या इतिहासकारांनीं त्या काळच्या तामिळ मध्यमवर्गाच्या कॉफीवेडावर फार मार्मिक लिहिलें आहे. सकाळची पेज किंवा शिळा भात सुटला आणि पितळी गाळणी आली. तिचे दोन मजले. वरच्यांत भुकटी दाबून उकळतें पाणी ओतावें, खालच्यांत थेंब थेंब डिकॉक्शन उतरावें. परंतु त्याआधीं शेगडीवर हातानें फिरवावयाचें लहानसें पिंप असे आणि खिडकीच्या चौकटीला आवळलेली दळणी असे. रोज लागेल तेवढाच बुंद पहांटे भाजावा हा टापटिपीच्या घरांतला दंडक. हें काम बायकांचें. इथिओपियांतल्याप्रमाणेंच येथेंहि भट्टी प्रथम गृहिणीच्या हातीं होती, फरक इतकाच कीं तेथें ती दिवाणखान्यांत असते आणि येथें ती धुराच्या कोंदट खोलींत राहिली. पुढें भाजण्याचीं दुकानें निघालीं तेव्हां कॉफीची चव थोडी उतरली असेल; पण पहांटे चारला उठणाऱ्या त्या बायकांनीं त्याबद्दल फारसें दुःख केलें असेल असें वाटत नाहीं.

मात्र घराबाहेर कॉफी आली ती सोंवळें नेसूनच आली. मद्रास इलाख्यांतल्या कॉफी-हॉटेलांवर ‘ब्राह्मणांचें’ अशी पाटी असणें ही अनेक वर्षें सामान्य गोष्ट होती. पेरियार रामस्वामी यांच्या अनुयायांनीं १९५७ सालीं मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागांतील एका हॉटेलापुढें ती पाटी उतरविण्यासाठीं सत्याग्रह केला. आपल्याकडे पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें गोपाळराव जोशी यांनीं थोरामोठ्यांना चहा पाजला आणि त्यावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्याचा प्रसंग ओढवला, हें सर्वश्रुतच आहे. चहा-कॉफीचा पेला उष्ण खरा, पण कित्येक वर्षें तो हातीं घेतांना लोकांना भीति वाटे ती चटका बसण्याची नव्हे. आपण महाराष्ट्रांतले लोक पुढें चहाचेच झालों. कॉफी आपल्याकडे उरली ती जायफळ घातलेली, दुधाळ, पाहुण्यांपुरती.

मुंबईचा मात्र या इतिहासाशीं एक सरळ संबंध आहे. मंदीच्या काळांत कॉफीचे भाव कोसळले तेव्हां १९३५ सालीं कायद्यानें कॉफी सेस कमिटी स्थापन झाली, आणि लोकांना कॉफी चाखावयास मिळावी म्हणून तिनें १९३६ सालीं चर्चगेटला पहिलें इंडिया कॉफी हाउस उघडलें. पन्नाशीच्या दशकांत कॉफी बोर्डानें हीं गृहें बंद करण्याचें ठरविलें, तेव्हां ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानें कामगारांनीं सहकारी संस्था काढल्या व १९५७ पासून तीं स्वतः चालविलीं. दुसऱ्या महायुद्धानें युरोपची बाजारपेठ तोडली, त्यामुळें सरकारनें सर्व मळ्यांचा माल एकत्र घेऊन विकण्याची पद्धत सुरू केली, आणि १९४२ च्या कायद्यानें ती पक्की झाली. मळेवाल्यानें आपला माल बोर्डाच्या सामाईक कोठारांत घालावा, गुणांप्रमाणें हप्त्याहप्त्यानें पैसे घ्यावे; बोर्डानें लिलाव करावा. लहान मळेवाला यामुळें तरला हें कबूल केलें पाहिजे. परंतु कोणता दाणा कोणत्या डोंगरावरचा ही ओळख या कोठारांत पन्नास वर्षें बुडून गेली. “आम्ही प्रत विकत घेत होतों, गांव नव्हे,” अण्णा म्हणाले. १९९२ पासून टप्प्याटप्प्यानें ही सक्ति सुटली आणि १९९६ च्या सुमारास संपली. आज एकेका मळ्याच्या नांवानें बुंद भाजून विकणाऱ्या ज्या नव्या तरुण मंडळींच्या भट्ट्या दिसतात, त्यांच्यामागें हा बदल आहे. नुसती हौस नव्हे.

त्या दिवशीं अण्णांनीं मला तीन पेले दिले. पहिला निव्वळ पीबेरीचा. या फळांत दोन चपट्या बियांऐवजीं एकच गोल बी असते, म्हणून ती पिंपांत सारखी लोळते व सारखी भाजते, असें भाजणारे मानतात. तो पेला स्वच्छ, किंचित् आंबूस, जिभेवर हलका. दुसरा त्यांच्या नेहमींच्या मिश्रणाचा, म्हणजे पीबेरी, थोडा रोबस्टा आणि चिकरी. रोबस्टाला रसिक लोक नाकें मुरडतात, पण भारतांतल्या एकूण पिकांपैकीं सत्तर टक्क्यांच्या आसपास तोच असतो, आणि दुधाखालीं दबून न जाण्याचा गुण त्याच्यांतच आहे. चिकरी शंभरांत एकूणपन्नासपर्यंत घालण्यास कायद्याची मुभा आहे. अण्णा पंधरावर जात नाहींत. तिनें डिकॉक्शनला रंग व दाटपणा येतो, आणि फ्रेडरिकच्या प्रजेचे उपकार मानून मी सांगतों कीं दुधाच्या कॉफींत ती मला हवीशी वाटते. तिसरा पेला एका मळ्याच्या दाण्याचा, नव्या रीतीप्रमाणें फिकट भाजलेला, दुधाशिवाय. त्यांत मला संत्र्याच्या सालीचा भास झाला. अण्णांनींहि एक घोट घेतला, क्षणभर थांबले, आणि म्हणाले, “चांगली आहे. पण ही आमची नव्हे.” मला ती आवडली होती, तरीहि त्यांचें म्हणणें खोडून काढावें असें वाटलें नाहीं.

इतक्यांत एक शाळकरी मुलगी पिशवी घेऊन आली. “पाटीनें सांगितलंय, मागच्या वेळीं फार काळी झाली, या वेळीं थोडी अलीकडे उतरवा.” पाटी म्हणजे तामिळ घरांतली आजी. अण्णांनीं फळीखालून एक लांबट, तेलकट वही काढली. त्या वहींत एकेका घराला एकेक पान आहे. पीबेरी किती, रोबस्टा किती, चिकरी किती, दळण कसें. कांहीं पानें दोन पिढ्यांचीं आहेत, कांहींवर आडवी रेघ आहे. तीं घरें उपनगरांत किंवा परदेशीं गेलीं, किंवा सांगणारें माणूसच उरलें नाहीं. अण्णांच्या चिरंजीवांना या धंद्यांत रस नाहीं, हें मला पूर्वींपासून ठाऊक होतें. त्यांनीं त्या मुलीच्या घराचें पान काढलें, जुना शेरा खोडला, नवा लिहिला, आणि तिला विचारलें, “पाटीची तब्येत बरी ना?”

“बरी आहे,” ती म्हणाली. “पण आतां ती वासावरूनच सांगते. पीत नाहीं.”